उसाचा दर दिल्लीत, वसुली पुण्यात, नदी मात्र अधांतरी

सांगली-साताऱ्यात कारखान्याला ऊस घालणाऱ्या माणसाला संघराज्य म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकायची गरज नाही. ते त्याच्या ऊसबिलातच असतं. बिलावर वजन, दर आणि कपाती असतात. खात्यावर पैसे आले नाहीत तर ओरडायचं कुणाच्या नावाने, हा प्रश्न पडला की खरा धडा सुरू होतो. कारखाना सांगतो दर केंद्राचा, आमदार सांगतात विषय दिल्लीचा, खासदार सांगतात अंमलबजावणी राज्याची. गंमत अशी की तिघंही थोडं थोडं खरं बोलत असतात.

आधी दर बघू. एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवतं. कृषिमूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची आर्थिक बाबींची समिती मंजुरी देते. 2025-26 च्या हंगामासाठी हा दर 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघते असं धरून, क्विंटलमागे 355 रुपये ठरला. उतारा त्यापुढे 0.1 टक्क्याने वाढला की दरात 3.46 रुपयांची भर पडते. समजा उतारा 12 टक्के धरला. सव्वादहाच्या वर पावणेदोन टक्के, म्हणजे साडेसतरा वेळा 3.46, झाले 60 रुपये 55 पैसे. एकूण क्विंटलला 415.55, टनाला 4,155 रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते आणि उरेल ते शेतकऱ्याचं.

या दराला कायद्याचा आधार आहे तो 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा, आणि तो आदेश केंद्राचा आहे. त्यातच लिहिलंय की ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर थकलेल्या रकमेवर वर्षाला 15 टक्के व्याज. नियम चोख आहे. पण हे पैसे कारखान्याकडून काढून आणणारा केंद्राचा एकही माणूस जिल्ह्यात नसतो. ते काम राज्याचं. पुण्यात साखर आयुक्तालय आहे, गाळप परवाना तेच देतं. एफआरपी थकली की आयुक्त महसुली वसुलीचा दाखला काढतात, ज्याला आपल्याकडे सगळे 'आरआरसी' म्हणतात. तो कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो, तिथून तहसीलदारांकडे, आणि मग कारखान्याच्या गोदामातल्या साखरेवर जप्तीची टाच येते. हुकूम केंद्राचा, बजावणारा हात राज्याचा. अमेरिकेत केंद्राचे कायदे राबवायला बहुतेक ठिकाणी केंद्राचीच वेगळी यंत्रणा असते. आपल्याकडे मात्र दिल्लीचे बरेचसे कायदे तलाठी आणि तहसीलदारांच्या हातूनच खाली उतरतात.

याच बिलात आणखी गुंते आहेत. कारखाना सहकारी असेल तर संस्था म्हणून तो राज्याच्या 1960 च्या सहकार कायद्याखाली येतो, कारण सहकारी संस्था हा राज्यांचा विषय. पण सभासद दोन राज्यांतले असतील, तर ती बहुराज्य संस्था ठरते आणि केंद्राच्या 2002 च्या कायद्याखाली जाते. सीमेलगतच्या आपल्या भागात हा फरक नुसता कागदी राहत नाही. साखर किमान किती रुपयांना विकायची हे केंद्राने ठरवलं आहे, फेब्रुवारी 2019 पासून किलोला 31 रुपये. निर्यातीला परवानगी द्यायची की नाही, हेही केंद्राकडे. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली, तीही दिल्लीहून. म्हणजे कारखान्याच्या तिजोरीत पैसे किती येणार, हे बऱ्याच अंशी केंद्राच्या हातात. ते शेतकऱ्यापर्यंत वेळेत पोचवायचे, ही जबाबदारी राज्याची. आणि मोर्चा जातो तो जिल्हाधिकारी कार्यालयावर.

मग राज्याला यात स्वतःचं डोकं चालवता येतं का? काही प्रमाणात. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढला. पहिला हप्ता ठरवून दिलेल्या उताऱ्यावर द्यायचा आणि बाकीचा हिशेब हंगाम संपून त्या वर्षीचा खरा उतारा कळल्यावर करायचा. कारखानदारांना सोय झाली. एकरकमी एफआरपी मागणाऱ्या शेतकरी संघटना कोर्टात गेल्या. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशाने शेतकऱ्याला दिलेलं राज्याला शासन निर्णय काढून पातळ करता येत नाही. उलट बाजूचा निकाल 2020 चा आहे. उत्तर प्रदेशासारखी राज्यं स्वतःचा, केंद्रापेक्षा चढा दर जाहीर करतात. ते चालतं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला आणि उत्तर आलं: चालतं. केंद्राचा दर हा तळ. राज्याने त्याच्या वर जावं, खाली जाऊ नये.

हे सगळं संविधानात कुठे लिहिलंय, ते आता बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कलम 246 आणि सातवी अनुसूची. तिच्यात तीन याद्या आहेत. केंद्रसूचीत संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन, टपाल. राज्यसूचीत पोलीस, आरोग्य, शेती, जमीन, सहकार, पाणी. तिसरी समवर्ती सूची, तिच्यात दोघांनाही कायदा करता येतो: फौजदारी कायदा, वीज, शिक्षण, वनं, अन्नधान्य आणि साखरेसारख्या मालाचा व्यापार. यादीत जे नाही ते सगळं कलम 248 नुसार केंद्राचं. मूळ संविधानात या याद्यांत अनुक्रमे 97, 66 आणि 47 नोंदी होत्या. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वनं, वन्यजीव संरक्षण यांच्यासह पाच विषय राज्यांकडून काढून समवर्ती सूचीत नेले. आणीबाणी संपली, त्या दुरुस्तीतलं बरंच काही पुढे मागे घेतलं गेलं, पण हे पाच विषय काही परत आले नाहीत. राज्यांचे हक्क हा विषय एरवी तावातावाने मांडणाऱ्यांनाही हे सहसा आठवत नाही.

समवर्ती सूची म्हणजे सामाईक विहीर समजा. हक्क दोघांचा, मोटर दोघांची. पण पाळीवरून वाद झाला तर कलम 254 म्हणतं, थोरल्याची मोटर आधी चालेल. धाकट्याला आपलीच चालवायची असेल, तर राष्ट्रपतींची संमती आणावी लागते. ती मिळाली तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा टिकतो. पण संसदेला तोही नंतर कायदा करून बदलता येतो.

याद्या वाचून कुणाला वाटेल, की बघा, शेती राज्याची, व्यापार केंद्राचा, झालं वाटप. प्रत्यक्षात उसाचं कांडं तोडलं की ते शेती राहतं की व्यापार होतो, यावर 1950 च्या दशकापासून खटले चालले आहेत. 2020 चे तीन कृषी कायदे आठवा. बाजार समित्या राज्यांच्या. केंद्राने समवर्ती सूचीतल्या 'अन्नधान्याचा व्यापार' या नोंदीच्या आधाराने कायदे केले आणि 2021 मध्ये मागे घेतले. महाबळेश्वर-पाचगणीत घर बांधायचं तर जमीन राज्याच्या अखत्यारीतली, परवानगी स्थानिक, पण 2001 पासून हा भाग केंद्राच्या अधिसूचनेनुसार पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे नियमांची चौकट दिल्लीची. शुद्ध राज्याचा किंवा शुद्ध केंद्राचा विषय शोधायला गेलात तर फार थोडे सापडतील. म्हणून 'हा विषय कुणाचा?' यापेक्षा 'या विषयावर दोघं एकत्र बसतात कुठे?' हे विचारणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. बसायला जागा आहे तिथे प्रश्न रखडत का होईना, सुटतात.

बेदाण्याचं उदाहरण घ्या. तासगाव आणि सांगलीच्या बाजारात बेदाण्याचे सौदे होतात हे सगळ्या देशातल्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. द्राक्षं रॅकवर वाळवली म्हणजे शेतमालावर प्रक्रिया झाली, की तो अजून शेतकऱ्याचाच माल? जीएसटीच्या दृष्टीने या प्रश्नाला पैशाचं वजन आहे. पूर्वी विक्रीकर राज्याचा होता, उत्पादन शुल्क केंद्राचं. 101 व्या घटनादुरुस्तीने दोघांनी आपापले अधिकार एका टेबलावर ठेवले आणि 1 जुलै 2017 पासून जीएसटी सुरू झाला. ते टेबल म्हणजे जीएसटी परिषद, कलम 279अ. तिथलं मतदान बघण्यासारखं आहे. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव मंजूर व्हायला तीन चतुर्थांश लागतात. हिशेब करून बघा. सगळी राज्यं एक झाली तरी 66.67 टक्केच होतात, म्हणजे केंद्राशिवाय काही मंजूर होत नाही. आणि केंद्राला 33.33 वरून 75 गाठायचे तर हजर राज्यांपैकी 62.5 टक्के राज्यं बरोबर घ्यावीच लागतात. कुणालाच एकट्याने रेटता येत नाही. तरी तराजू केंद्राकडे किंचित झुकलेला आहे, हे मान्य करायला हवं: नकाराधिकार एकट्या केंद्राला आहे, एकट्या महाराष्ट्राला नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असंही सांगून ठेवलं आहे.

तर, डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला परिषदेची 55 वी बैठक झाली आणि तिथे स्पष्ट झालं की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. त्याच ओळीत मिऱ्यांचाही निकाल लागला, म्हणजे तासगावचा बेदाणा उत्पादक आणि दक्षिणेतला मिरी पिकवणारा एकाच खुलाशात सुटले. राजस्थानातल्या बैठकीत तासगावच्या शेडमधला प्रश्न सुटतो, तो कुणी मेहेरबानी केली म्हणून सुटत नाही. ठरावीक काळाने बैठक होते, विषयपत्रिका असते, राज्याचा मंत्री खुर्चीत असतो आणि त्याच्या मताला आकड्यात वजन असतं, म्हणून सुटतो.

पैशाचं वाटप असंच, पण तिथे राज्यं बोलतात आणि आयोग ठरवतो. कलम 280 चा वित्त आयोग दर पाच वर्षांनी सांगतो की केंद्राच्या करांतला किती वाटा राज्यांना जाईल. 15 व्या आयोगाने 2021 ते 2026 साठी 41 टक्के सांगितले आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के. म्हणजे वाटायच्या दर 100 रुपयांतले 41 राज्यांना, आणि त्या 41 मधले साधारण 2 रुपये 59 पैसे महाराष्ट्राला. आपण भरतो किती आणि येतं किती, ही तक्रार इथूनच निघते. त्या आयोगाच्या सूत्रात सर्वांत जास्त, 45 टक्के, वजन राज्य किती मागे आहे याला होतं, कर किती गोळा करतं याला फक्त 2.5 टक्के. बिहारच्या मुलालाही शाळा मिळावी हे मला पटतं. मला खटकतं ते वेगळं: उपकर आणि अधिभार या 100 रुपयांत धरलेच जात नाहीत. केंद्राने कराऐवजी उपकर लावला की राज्याचा वाटा गुपचूप कमी होतो, आणि त्यावर कुठल्याही टेबलावर मतदान होत नाही.

उरलेला पैसा योजनांतून येतो. घरकुल, ग्रामसडक यांत केंद्र 60, राज्य 40. पंतप्रधानांचा फोटो आणि मुख्यमंत्र्यांचा फोटो एकाच फलकावर का असतात आणि कधी कधी त्यावरून भांडण का होतं, त्याचं उत्तर या 60:40 मध्ये आहे.

सगळं वरून खाली येतं असंही नाही. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी 1965 मध्ये विसापूर परिसरात करून पाहिली. दुष्काळाच्या वर्षांत ती राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि खर्चासाठी राज्याने नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईच्या बाबूच्या पगारातून आटपाडीच्या मजुराचा रोज निघायचा. 2005 मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर हा नमुना होता. एका राज्याला प्रयोगाची मोकळीक होती म्हणून देशाला तयार अनुभव मिळाला. मग योजना दिल्लीची झाली की नियमही दिल्लीचे होतात: डिसेंबर 2025 मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा आला, हमी 100 दिवसांवरून 125 दिवसांची झाली आणि मजुरीचाही भार केंद्र-राज्यात 60:40 असा वाटला गेला. ज्या राज्यात ही कल्पना जन्मली, त्यालाही आता त्यातले 40 टक्के उचलायचे आहेत.

आता नदी. इथे येऊन सगळं अडतं.

सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना हवामान विचारत नाहीत, 'आयर्विनला किती?' असं विचारतात. आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. अशा दिवशी नदीवर किती सरकारं काम करत असतात ते बघा. पावसाचा अंदाज केंद्राचं हवामान खातं देतं, पुराचा अंदाज केंद्रीय जल आयोग. कोयनेचे दरवाजे उचलायचे किती, हे महाराष्ट्राचं जलसंपदा खातं ठरवतं. खाली अलमट्टी धरणाचे दरवाजे कर्नाटकच्या ताब्यात. बोटी घेऊन येणारं एनडीआरएफ केंद्राचं. छावण्या, जेवण, पंचनामे जिल्हाधिकाऱ्यांचे. आणि जिल्हाधिकारी स्वतः? निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाची, नोकरी राज्याच्या केडरमध्ये. पूर ओसरल्यावरची मदतही दोघांची: राज्य आपत्ती निधीत केंद्राचे 75 टक्के, राज्याचे 25. 2022 ते 2026 च्या निकषांत बारमाही पिकाला हेक्टरी 22,500 रुपये, तेही 2 हेक्टरपर्यंत. त्याहून जास्त द्यायचं तर राज्याने स्वतःच्या खिशातून द्यायचं; महाराष्ट्राने काही वेळा 3 हेक्टरपर्यंत मदत दिली ती अशी. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे 'आपत्ती' हा शब्द तिन्ही याद्यांत नाही. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा समवर्ती सूचीतल्या सामाजिक सुरक्षेच्या नोंदीवर उभा केला आहे.

पाणी राज्यसूचीत आहे, 17 वी नोंद. पण तिच्या पोटातच लिहिलंय की आंतरराज्य नद्यांबाबत केंद्रसूचीतली 56 वी नोंद वरचढ. म्हणजे संसदेने मनात आणलं तर कृष्णेचं नियमन केंद्राला हाती घेता येतं. त्यासाठी 1956 मध्ये नदी मंडळ कायदा झालाही. त्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेलं नाही. त्याच वर्षीचा दुसरा कायदा, आंतरराज्य जलविवादांचा, तो मात्र भरपूर वापरला गेला. एकत्र बसायचा कायदा कपाटात, भांडायचा कायदा रोजच्या वापरात.

त्या दुसऱ्या कायद्याने 1969 मध्ये बच्छावत लवाद आला. त्याने महाराष्ट्राला 560 टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकला 700 आणि तेव्हाच्या आंध्रला 800 टीएमसी दिले. कोयनेचं किती पाणी वीज करून पश्चिमेकडे कोकणात सोडायचं, त्यालाही वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. पाटण तालुक्यातल्या धरणाची टर्बाइन किती फिरवायची, हे लवादाच्या आकड्यात बांधलेलं आहे. दुसरा, ब्रिजेश कुमार लवाद 2004 मध्ये आला. 2010 आणि 2013 च्या निवाड्यांत महाराष्ट्राचा वाटा 666 टीएमसी झाला आणि अलमट्टीची उंची 519.60 वरून 524.256 मीटरपर्यंत नेण्याची मुभा कर्नाटकला मिळाली. लवादाचा निकाल लागू व्हायला केंद्राने तो राजपत्रात छापावा लागतो. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते छापणं थांबवलं. कलम 262 ने नदीच्या वादांपासून न्यायालयांना लांब ठेवायची सोय केली, त्यासाठी लवाद नेमला, आणि लवादाचा निकाल न्यायालयातच अडकून बसला.

अलमट्टीमुळे सांगली बुडते का, यावर इथे घरटी एक मत आहे. राज्याने नेमलेल्या वडनेरे समितीने 2019 च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. इथल्या अनेक अभ्यासकांना आणि पूरग्रस्तांना ते पटलेलं नाही. मला या लेखात तो निवाडा करायचा नाही. मुद्दा असा की हा प्रश्न दोन्ही राज्यांनी, एकाच आकडेवारीवर, एकाच खोलीत बसून सोडवावा अशी कायम जागा नाही. विभागीय परिषदा 1956 मध्ये झाल्या, पण महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. कलम 263 ची आंतरराज्य परिषद 1990 मध्ये आली; तिची शेवटची बैठक जुलै 2016 मधली. कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ नावाचं मंडळ आहे खरं, पण ते 2014 मध्ये आंध्रची फाळणी झाल्यानंतरचं, आंध्र आणि तेलंगणापुरतं. ज्या दोन राज्यांतून कृष्णा आधी वाहते ती त्यात नाहीतच. त्यामुळे सगळं व्यक्तींवर येतं. जून 2021 मध्ये तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, पूरकाळात विसर्गाची माहिती वेळेत द्यायचं ठरलं. 2025 मध्ये अलमट्टीच्या उंचीवरून मुख्यमंत्री फडणवीसांनी सिद्धरामय्यांना पत्र लिहिलं. भेट झाली, पत्र गेलं. मंत्री बदलले की पुन्हा पहिल्यापासून.

सांगली जिल्ह्यातल्या जतच्या पूर्व भागात हाच पेच उलटा दिसतो, तिथे पाणीच नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतमधल्या गावांचे जुने ठराव काढून ती गावं कर्नाटकात यायला तयार आहेत, असं म्हटलं आणि गदारोळ झाला. ग्रामपंचायतीच्या ठरावाने गाव राज्य बदलत नाही. विधानसभेच्याही नाही. कलम 3 नुसार तो अधिकार फक्त संसदेचा, राज्याचं मत विचारायचं, मानायलाच हवं असं नाही. सीमेचा मूळ दावा महाराष्ट्राने 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात नेलेला आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावलं आणि दोन्ही बाजूंच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली.

पाण्यासाठी मात्र सीमा हलवायची गरज नाही, संसदेचीही नाही. उन्हाळ्यात कर्नाटक कोयना-वारणेतून पाणी सोडायची विनंती करतं. त्या बदल्यात कर्नाटकने आपल्या तुबची-बबलेश्वर योजनेतून जतच्या गावांना पाणी द्यावं, हा विषय 2019 च्या उन्हाळ्यात दोन्ही सरकारांत चर्चेला आला होता. त्याला दोन राज्यांचा करार पुरतो. लवाद लागत नाही आणि घटनादुरुस्तीही लागत नाही.